दोनशे बारा डब्या

३ फेब्रुवारी

पोचले एकदाची सरोवरातल्या नालुके बेटावर. होडीत चार तास गेले. त्यातले दोन एका बकरीने माझ्या मांडीवर मान टाकून काढले आणि उतरताना माझ्या नव्या बुटावर लेंड्या सोडून निरोप घेतला. एरवी मी किंचाळले असते, आज हसले. जिंजाच्या दवाखान्यात दोन वर्षं हंगामी म्हणून राबल्यावर ही पहिली पक्की नोकरी आहे. एवढ्या आनंदात बकरीलाही माफ.

धक्क्यावर निम्मं बेट जमलं होतं. सेबुलिबा म्हणून किनाऱ्याचा अध्यक्ष आहे, देह हत्तीचा आणि टोपी लहान पोराची. त्याने माझी पेटी स्वतः उचलली. म्हणाला, या मुसावो, या, तुमची वाट बघून आमच्या माना लांब झाल्या. इथे डॉक्टर असो, नर्स असो की माझ्यासारखी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारी, सगळे मुसावोच. बायकांनी गुडघे टेकून नमस्कार केला. माझ्या वयाच्या मुलीपुढे आजीबाई गुडघे टेकतात म्हटल्यावर मला लाजल्यासारखं झालं.

खोली छान आहे. नवा पत्रा, सौर दिवा, मागे स्वतंत्र संडास आणि आंघोळीचा आडोसा. हे सगळं आमच्या प्रकल्पाच्या निधीतून झालंय. सुईण, शाळेचं छप्पर, बाळंतिणीला मुख्य किनाऱ्याला नेणारी इंजिनाची होडी, हेही निधीतूनच. सेबुलिबाने होडीवरून हात फिरवून दाखवला. ती यायच्या आधी त्याची बायको अडली आणि वल्ह्यांच्या होडीत पाण्याच्या मध्यावरच गेली. सांगताना त्याने टोपी काढली होती.

आईला फोन केला (रेंज फक्त टेकडीवर मिळते). संशोधनाचं काम आहे म्हणाले. कशाचं, ते नाही सांगितलं. ती जेवत होती.

७ फेब्रुवारी

काम असं. या सरोवराच्या पाण्यात गोगलगाई आहेत, त्यांच्या अंगातून डोळ्यांना न दिसणारे जंत सुटतात, पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात आणि पोटात संसार थाटतात. त्यांची अंडी शीतून बाहेर पडतात. बेटावरच्या दोनशे बारा जणांच्या शीत ती किती आहेत हे मी मोजायचं. रोज सकाळी दहाएक डब्या दारात येतात, प्रत्येकीवर नंबर. झाकण उघडायचं, बारीक जाळीतून शी दाबून गाळायची, गाळलेली काचेवर पसरायची, बघायचं. दोन वर्षं हेच करतेय, तरी रोज पहिलं झाकण उघडताना माझ्या घशाशी येतं. लोकांना वाटतं सवय होते. होत नाही. नाक मरतं, मन मरत नाही.

देणगीदारांचा नियम साधा आहे. रोग जिथे आहे तिथे निधी. रोग ओसरला की निधी दुसऱ्या बेटावर. जूनमध्ये त्यांची माणसं आणि आमच्या प्रमुख डॉ. किरुंगी येणार, आकडे बघणार, पुढचं ठरवणार. आकडे भरपूर आहेत. प्रत्येक काचेवर अंडीच अंडी, वालाच्या दाण्यासारखी, कुशीला एक काटा. इतकी लागण मी कुठे पाहिली नव्हती. गंमत म्हणजे माणसं मात्र धट्टीकट्टी दिसतात.

स्वयंपाकाला मामा तोफिस्ता आहे (इथे मामा म्हणजे आई). तिच्या जिभेला हाड नाही. मला म्हणाली, अगं मुसावो, लग्नाच्या वयाची पोर तू, आणि दिवसभर लोकांच्या ढुंगणामागे काय लागलीस? पण हाताला चव आहे. शेंगदाण्याच्या रश्श्यात मुकेने, म्हणजे वाळूवर सुकवलेली ती बोटभर मासळी, अशी मी आईच्या हातचीही खाल्ली नाही. भर दुपारी ती आंघोळीला पाणी आणून देते, उन्हाने कोमट झालेलं. मी पहिल्याच दिवशी बजावलं की सरोवराचं पाणी झाकून दोन दिवस ठेवल्याशिवाय अंगावर घेणार नाही. दोन दिवसांत जंत मरतात. ती म्हणाली, पिंपात दोन दिवसांचंच असतं गं बाई, आम्ही काय रानातले? आता ती दुपारची आंघोळ म्हणजे माझी चैन.

१९ फेब्रुवारी

अंगावर बारीक लाल पुरळ. खाज. तोफिस्ता म्हणते वाळूतल्या माशा. रोज बोरिक पावडर.

आज एक गोष्ट डोक्यात आली आणि जाईना. शी गाळताना जाळीवर चोथा उरतो. त्यात आज दहाही डब्यांमध्ये पेरूच्या बिया होत्या. कालच्या नऊमध्येही. मला आधी हसू आलं, पेरूचा हंगाम असेल म्हणून. मग यादीत नंबर पाहिले. एक डबी होती जाजा नाकितोची, म्हणजे त्या बोळक्या म्हातारीची, जिला मक्याच्या पिठाचा पातळ पोशोही बोटाने चाटवावा लागतो. दुसरी होती सात महिन्यांच्या तान्ह्या बाळाची. सात महिन्यांचं बाळ पेरू खातं आणि मोठ्या माणसाइतकी शी करतं!

किळस मला शीची येत नाहीये आज. कुणीतरी मला मूर्ख बनवतंय याची येतेय.

४ मार्च

तोफिस्ताला सहज विचारलं, बेटावर पेरूची झाडं किती? म्हणाली एकच, मासे धुरवायच्या भट्ट्यांमागे, मुवोंगेच्या अंगणात. तुला हवेत का? मग एकदम पाठ फिरवली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली.

दुपारी दफनभूमीवरून टेकडीवर गेले. एका नव्या सिमेंटच्या थडग्यावर नाव कोरलेलं होतं, गेल्या ऑगस्टमध्ये वारलेल्या माणसाचं. त्याची डबी मी मंगळवारी तपासली होती. त्याच्या शीत सगळ्यांत जास्त अंडी होती.

परत येऊन हात धुतले. कोपरापर्यंत, तीनदा.

१२ मार्च

आज भट्ट्यांमागे गेले. कुणी अडवलं नाही, हेच आधी विचित्र वाटायला हवं होतं.

पेरूखाली गवती छपराची खोली. दारात पानावर मोठ्या माशाचं शिजवलेलं डोकं, डोळ्यांसकट. पहिल्या जाळ्यातल्या माशाचं डोकं इथे घरातल्या कर्त्याला देतात. दोन बायका गुडघे टेकून बसल्या होत्या, देवळात बसावं तशा. आत मुवोंगे होता. चाळिशीचा असेल. हातपाय काटक्या आणि पोट नऊ महिन्यांच्या बाईसारखं, त्यावर निळ्या शिरा. खाटेला मध्ये भोक, भोकाखाली बादली. बादलीत रक्ताळलेली शी. एक बाई चमच्याने ती डब्यांत भरत होती. एक चमचा, झाकण, नंबर. एक चमचा, झाकण, नंबर. भात वाढावा तसं. आणि दुसरी त्याला पेरू भरवत होती, कारण त्याला पेरू आवडतात.

मी पेरूच्या बुंध्याशी ओकले. मुकेने, रस्सा, सगळं. मुवोंगेने आतून विचारलं, कोण आजारी आहे? पाणी द्या तिला. आवाज अगदी माणसासारखा होता.

१३ मार्च

सेबुलिबाला तोंडावर विचारलं. तो जराही कचरला नाही. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला आणि सांगायला बसला.

पाच वर्षांपूर्वी व्यापाऱ्याच्या होडीतून गोळ्या येऊ लागल्या. सगळ्यांनी घेतल्या, सगळे बरे झाले. मग कुणीतरी म्हणालं, आपण बरे झालो तर होडी जाईल, सुईण जाईल. बैठक बसली. ठरलं की एकाने आजारी राहायचं आणि सगळ्यांचं द्यायचं. पहिला एक म्हातारा होता. तो गेल्यावर मुवोंगे, त्याला बायको नाही, पोर नाही. बेट त्याला पोसतं, पहिलं डोकं त्याचं, बायका त्याच्यापुढे वाकतात. रोज दुपारी लव्हाळ्याच्या खाडीत त्याला मानेपर्यंत बसवतात, म्हणजे जंत कमी पडू नयेत.

मी ओरडले की हा खून आहे. तो म्हणाला, मुसावो, त्या होडीने एकोणीस बाळंतिणी जिवंत नेल्या. तुम्हीच सांगा, यातल्या कुणाला परत मारू? आणि हे सांगताना तो चहात बिस्कीट बुडवत होता. बिस्कीट विरघळून कपात पडलं. त्याने ते बोटाने काढून चाटलं.

मला या माणसाची, त्या बायकांची, त्या चमच्याची शिसारी येते. आणि उत्तर सापडलं नाही म्हणून माझी स्वतःचीही.

१५ मार्च

डॉ. किरुंगींना टेकडीवरून फोन केला. बेटाचे आकडे खोटे आहेत, एवढंच बोलू शकले. त्या म्हणाल्या, बाळ, असलं काही फोनवर बोलायचं नाही. जूनमध्ये येतेच आहे, तोवर काम थांबवू नकोस.

माझ्या पेटीत गोळ्यांची एक पट्टी होती. प्रकल्पाने फक्त मला दिलेली, एका माणसापुरती, चुकून लागण झालीच तर म्हणून. आज ती मुवोंगेला दिली. तो रडला. सगळ्या गोळ्या एकदम गिळल्या आणि वर पेरू खाल्ला.

आता माझ्याकडे नाहीत. पण मला कशाला लागतील?

३ एप्रिल

आईने सामानाच्या होडीतून तिळाचे लाडू पाठवले. रोज दोन खाते. जरा ताप येतो, खोकला आहे. हवामान.

मुवोंगे उठून बसतो म्हणे. पोट उतरतंय. बेटाला कळलं असणार. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. उलट सेबुलिबा हसून म्हणाला, बरं केलंत मुसावो, तो जूनपर्यंत टिकलाच नसता, आम्हालाही घोर होता. मला वाटलं, माणसं सुधारतात.

आजच्या डब्यांत अंडी जवळजवळ नाहीत.

११ एप्रिल

डब्यांत अंडी परत आली. थोडी, पण आहेत. काटा कुशीला.

जाळीवर पेरूची एकही बी नाही.

तीळ आहेत.

दहाही डब्यांत तीळ. अख्खे, पांढरे. या बेटावर तीळ कुणाकडे नाहीत. मी तोफिस्ताला एक लाडू देऊ केला होता, तिने घेतला नव्हता, दातांत अडकतात म्हणाली.

१२ एप्रिल

माझ्या संडासाच्या मागच्या भिंतीला खाली पत्र्याचं एक झाकण आहे. बाहेरून उघडतं. आत बादली बसते. बादली स्वच्छ घासलेली होती. माझ्या घरातल्या भांड्यांपेक्षा स्वच्छ.

म्हणजे रोज सकाळी मी माझीच — जाळीतून दाबून, डोळा लावून — दहा लोकांच्या नावाने —

हात धुतले. पुन्हा धुतले. मग आठवलं, पाणी.

१३ एप्रिल

दुपारी लव्हाळ्याच्या खाडीवर लपून बसले. तोफिस्ता आली. उथळ, ऊन लागलेलं पाणी, गोगलगाई चिकटलेल्या पानांशेजारचं, तिने अलगद भांड्यात भरलं. गाळलंसुद्धा नाही. तेच माझ्या आडोशात ठेवलं आणि हाक मारली, मुसावो, ये गं, पाणी कोमट आहे.

थेंब काचेवर घेतला. शेपटीला दोन फाटे. वळवळत होते. शेकड्यांनी. सत्तर दिवस मी ते डोक्यावरून ओतून घेतलंय. डोळे मिटून. गाणं म्हणत.

मुवोंगे संपत आलाय हे त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक होतं. मी धक्क्यावर उतरले त्याच दिवशी ठरलं होतं.

तोफिस्ताला केस धरून विचारलं. ती रडली. म्हणाली, माझी लेक पोटुशी आहे गं, सातवा महिना. होडी गेली तर मी काय करू?

२ मे

सामानाची होडी मला घेत नाही. कोळी म्हणतात, जागा नाही. रिकाम्या होडीत बसून म्हणतात. टेकडीवर जायला निघाले की दोन बायका सोबत, हसतमुख, माझा फोन त्यांच्या हातात. डॉक्टर किरुंगींशी बोलू दिलं. त्या म्हणाल्या, आकडे आता छान येताहेत.

ताप. पोटात मुरडा. शीतून रक्त.

२३ मे

आंघोळ नाकारली. तर चौघींनी धरून घातली. प्रेमाने. पाठ चोळून दिली. एक म्हणाली, काय नाजूक कातडी आहे हिची.

सकाळी दारात पान. पानावर माशाचं डोकं. डोळे माझ्याकडे. बायका गुडघ्यांवर — मी लाथ मारली. त्यांनी वाळू झटकून परत ठेवलं.

पाठवलेल्या डब्या मी तपासत नाही आता. त्या बायकाच तपासतात. मीच शिकवलं होतं ना, उत्साहाने, पहिल्या आठवड्यात.

१० जून

डॉक्टर किरुंगी आल्या. देणगीदारांचे दोन परदेशी पाहुणे सोबत. मला धुऊन नवे कपडे घातले. पण बाईंनी मला एकटीला भेटायचं म्हटलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. देव पावला. सगळं सांगितलं. चमचा, झाकण, तीळ, पाणी. पोट उघडं करून दाखवलं. त्यांच्या बॅगेत गोळ्या आहेत, मी पाहिल्या, पांढरी पट्टी. एवढीच हवी आहे मला आणि होडीत हातभर जागा.

त्यांनी ऐकून घेतलं. मध्ये एकदा नाकाला रुमाल लावला, माझा वास येत असणार. मग म्हणाल्या, हे मी लिहिलं तर या बेटाचा निधी उद्या जाईल, आणि मग बाकीच्या नऊ बेटांचेही आकडे तपासतील. नऊ, बाळ. त्यांनी नऊ बोटं दाखवली.

नऊ बेटं. प्रत्येकावर एक खाट.

बॅगेची चेन लावली. बाटलीतलं औषध हातांना चोळलं, माझ्या खांद्याला हात लावला होता म्हणून. म्हणाल्या, गोळ्या देईन, हा टप्पा संपला की. तुझी नोकरी पाच वर्षांनी वाढवली आहे.

१३ जून

होडी गेली. मी आतून दार खाजवत होते, पाहुणे हात हलवत होते. त्यांना सांगितलंय मला हिवताप झालाय.

पाच वर्षं.

तोफिस्ताच्या लेकीला दुपारी कळा सुरू झाल्या. इंजिनाचा आवाज आला. सगळे आनंदाने ओरडले. मीही — क्षणभर — मलाही बरं वाटलं. थू माझ्यावर.

१४ जून

भांड्यातल्या पाण्याने भागत नाही म्हणतात. दोनशे बारा डब्या. आजपासून खाडीतच. मानेपर्यंत.

बायका दारात आल्यात. पुढे मुवोंगे. पोट सपाट, दंड भरलेले, नवा सदरा. ओळखलंच नाही. माझं मनगट धरलंय त्याने, डावं — लिहायचं तर लिहू दे तिला म्हणाला — कसली पकड आहे —

त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. म्हणतो, तुमच्याच गोळ्यांनी हे हात परत आले, मुसावो. उपकार कसे विसरू? म्हणून मीच सगळ्यांना सांगितलं, मुसावोला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, पाण्यात तिला मीच धरून —